चेहरा तेवढा जमत नाही

शनिवार, ४ ऑक्टोबर

पोहोचलो. खोली माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली निघाली, आणि माझ्या अपेक्षा काय असतात ते ताईला विचारावं. वरचा मजला, उत्तरेकडे मोठी खिडकी, दिवसभर एकसारखा उजेड. भिंती पांढऱ्या आहेत, पलंग कुरकुरत नाही, टेबलाला ड्रॉवर आहे आणि तो उघडतोसुद्धा. बॅग टाकली, रंग मांडले आणि चक्क शीळ घातली. कित्येक महिन्यांत घातली नव्हती.

खाली मालकीणबाई राहतात. त्याच इथल्या चित्रमंडळाच्या अध्यक्ष, चिटणीस आणि उरलेलं जे काही असेल ते. चहा देता देता त्यांनी मंडळाची रीत सांगितली. दर रविवारी सगळे मंडळाच्या गाडीतून नदीकडे जातात, गाडी उभी करतात आणि गाडीसकट समोरचा देखावा ॲक्रिलिकमध्ये रंगवतात. प्रत्येकाचं वेगळं चित्र नसतं. एकच मोठा कॅनव्हास, त्यावर सगळे मिळून हात साफ करणार. आणि गाडी चित्रात हवीच. का, असं विचारलं तर म्हणाल्या, गाडी असली की चित्राला आधार येतो. मी मान डोलावली. असल्या वाक्यांवर मान डोलवायची मला सवय आहे. शहरातली निम्मी कलासमीक्षा त्यावरच चालते.

रविवारी यांना शिकवायचं, बाकीचा आठवडा माझा. डिसेंबरच्या प्रदर्शनाची चित्रं इथे निवांत होतील. इतक्या सुखाच्या बदल्यात चार हौशी लोकांचे हिरवेगार डोंगर सहन करायला माझी ना नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

मंडळ पाहिलं. मालकीणबाई, एक दंतवैद्य, पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आणि त्यांच्या काकू. संपलं मंडळ. दंतवैद्य झाडं काढतो ती दाढांसारखी, मुळांसकट. काकांचं आकाश पाहून वाटतं की कॅनव्हासच्या मागे कुठेतरी नळ गळतोय. काकू सगळ्यात हिरवा रंग ओततात, बाटलीतून निघतो तसाच, आणि वर विचारतात की आता छान दिसतंय ना, सर.

गाडी मात्र देखणी आहे. जुनी, दुधी रंगाची, गोल नाकाची व्हॅन, मागे समोरासमोर दोन बाकं. ती चालवणारा इसम तिच्याहून जुना वाटतो. गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा, टोपी, लांब मान आणि गळ्याचं हाड असं पुढे आलेलं की घोट गिळताना आपल्यालाच अवघडायला होतं. चेहरा असा की समोर असतानाच विसरायला होतो. मी दोनदा काहीबाही विचारलं, उत्तर नाही. मी त्याचं नाव मुखदुर्बळ ठेवलं. नाव इतकं चपखल बसलं की मी स्वतःवरच खूश झालो.

शिकवलं. हा रंग पाहता पाहता सुकतो, तेव्हा विचार आधी करा आणि ब्रश नंतर बुडवा. सुकला की एक छटा गडद होतो, तेव्हा जरा फिकाच लावा. आणि चूक झाली तर पुसत बसू नका, वरून दुसरा रंग मारा, खालचं झाकलं जातं. हे शेवटचं त्यांना फार आवडलेलं दिसलं, कारण उरलेला वेळ सगळ्यांनी मनसोक्त चुका केल्या. आधी आकाश, मग नदी, मग झाडं, मग रस्ता आणि रस्त्यावर गाडी. गाडी रस्त्याच्या वर वीतभर तरंगत होती. शेवटी मीच चाकांखाली सावली मारून तिला खाली उतरवली. चौघांनी जादूचा खेळ पाहिल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मला अशा नजरांची किळस येते आणि त्या हव्याही असतात.

ड्रायव्हरची खिडकी त्यांनी कोरीच ठेवली. दंतवैद्य म्हणाला की तिथे कोणीतरी बसलेलं हवं, पण आम्हाला चेहरा तेवढा जमत नाही. बाकी सगळं जमतं असा त्याचा समज आहे, हे ऐकून बरं वाटलं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मंडळाची जुनी मोठी चित्रं टांगली आहेत. आज वेळ काढून पाहिली. नदी, रस्ता, दाढा, दुधी गाडी. पुन्हा नदी, रस्ता, दाढा, दुधी गाडी. तीच जागा, तीच माणसं, आणि इतक्या वर्षांत प्रगती शून्य. एखादा दगडसुद्धा नदीत राहून गुळगुळीत होतो.

एक गोष्ट गमतीची आहे. प्रत्येक चित्रात ड्रायव्हरच्या खिडकीवर तपकिरी रंगाचा जाड फराटा मारलेला. चेहरा जमला नाही की झाकून मोकळे. म्हणजे माझा धडा यांना आधीपासूनच पाठ होता. आधीच्या शिक्षकांचं पुढे काय झालं, ते मालकीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, कुठे जाणार, आहेत आपल्यातच. या बाईंशी बोलणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं आहे, फक्त चेंडू परत येत नाही.

माझं स्वतःचं चित्र अजून सुरू झालं नाही. उजेड मात्र उत्तम आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज अपमान झाला.

नदीवर पोहोचलो, कॅनव्हास उभा केला, तर ड्रायव्हरच्या खिडकीत एक चेहरा. आठवड्यात कधीतरी यांनी गुपचूप काढलेला. चष्मा, पुढे आलेलं कपाळ, मागे वळवलेले केस. काकू हरखून म्हणाल्या की ओळखा पाहू. ओळखायला वेळ लागला, कारण मी आजवर स्वतःला बटाटा समजत नव्हतो.

पहिली गोष्ट, मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. दुसरी, ते नाक. माझ्या बापाचं, आजोबांचं नाक आहे हे. सरळ, बारीक, टोकाशी किंचित खाली झुकलेलं. त्या जागी यांनी एक गोळा चिकटवला होता. माझं नाक कापून नेलं असतं तरी इतका राग आला नसता. दंतवैद्याने शांतपणे सांगितलं की चेहरा तेवढा जमत नाही, सर.

मी ब्रश हिसकावून घेतला आणि तिथल्या तिथे नाक काढून दाखवलं. उजेड कुठून येतो, सावली कुठल्या अंगाला पडते, टोक कुठे वळतं, सगळं सांगत सांगत. पाचच मिनिटांत त्या बटाट्यातून माणूस डोकावायला लागला. कोणी वाहवा केली नाही. चौघं नुसती बघत होती, आणि मुखदुर्बळ गाडीचं दार उघडून खाली उतरला होता, तोही बघत होता. कलेपुढे गप्प बसावं एवढी अक्कल यांना आहे म्हणायची.

सोमवार, १३ ऑक्टोबर

चष्मा सारखा घसरतोय. सकाळपासून दहादा वर केला. दांड्या पिळून घट्ट केल्या, तरी तेच. नाकावर टेकायला काही नसल्यासारखा खाली येतो. इथल्या हवेने सैल झाला असणार.

रविवार, १९ ऑक्टोबर

नाक माझं, बाकी सगळं त्यांचं, असा चेहरा आठवडाभर डोळ्यांसमोर होता. आज राहवलं नाही. डोळे त्यांनी माशासारखे काढले होते, ते नीट केले. भुवया केल्या. ओठ केले, हनुवटी केली. दोन तास मी हललो नाही. पाण्याचा फवारा मारून पॅलेट ओलं ठेवायचं काम काकूंनी केलं, रंग काकांनी पुढे केले, मला एकदाही मागावं लागलं नाही. खरं लिहायचं तर इतकं चांगलं काम माझ्या हातून गेल्या कित्येक वर्षांत झालेलं नाही. असल्या कॅनव्हासवर, असल्या लोकांत, दाढांच्या शेजारी. दैव कुठे वाया घालवेल सांगता येत नाही.

मध्येच मुखदुर्बळ माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला. माझ्या हाताकडे बघत मान हलवत होता, नाही, नाही, अशी. तोंड उघडलं पण आवाज आला नाही. मी ब्रश बाजूला ठेवला तर त्याने तो उचलला, पाण्यात खळबळला, डब्याच्या काठावर दोन्ही अंगांनी निथळला आणि बोटांनी केसांना टोक काढून माझ्यापुढे धरला. अगदी मी करतो तसं. ड्रायव्हर लोकही आता बघून बघून शिकायला लागले. मी त्याला गाडीकडे जायला सांगितलं.

आता फक्त कान राहिला, असं मालकीणबाई म्हणाल्या. अंधारून आलं म्हणून सोडला.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

दाढी करायला गेलो. न्हाव्याने साबण लावला, वस्तरा घेतला आणि थांबला. कुठून सुरुवात करू, असं विचारलं. वीस वर्षं धंदा केलेला माणूस गिऱ्हाइकाला विचारतो की कुठून सुरुवात करू. मी आरशात पाहिलं. आरसा जुना होता, पारा उडालेला. तरी पारा उडायचा तर सगळ्या आरशाचा उडायला हवा. दुकान दिसत होतं, न्हावी दिसत होता, माझे खांदे दिसत होते.

खोलीतल्या आरशातही तेच. नाक आहे, पण असून नसल्यासारखं. ओठांची कड लागत नाही. ओल्या रंगावरून कोणी तळहात फिरवावा तसं सगळं एकमेकांत गेलंय.

ताईला फोटो पाठवला. काही लिहिलं नाही, नुसता फोटो. तिचा लगेच फोन आला. खोली छान आहे म्हणाली, खिडकी मोठी आहे. आणि मग म्हणाली, अरे पण फोटो कोणी काढला, तू का नाहीस त्यात? मधे कोण उभा आहे, तिथला गडी का?

मला भीती वाटते आहे. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटते आहे.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

दुपारी हॉलमध्ये गेलो. अगदी शेवटच्या जुन्या चित्रावरचा तपकिरी फराटा नखाने खरवडला. रंग सालीसारखा निघाला. खाली चेहरा होता.

चेहरा त्यांचा नव्हता. म्हणजे त्यांच्यापैकी कोणी काढलेला नव्हता. तयार हाताचा, वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा. मला तो आवडला, यातच सगळं आलं. आणि खाली लांब मान, गळ्यापर्यंत बटणं, पुढे आलेलं हाड.

मागे मालकीणबाई उभ्या होत्या. ब्रश पुसत होत्या. मी विचारलं. त्यांनी सांगितलं, अगदी सहज, कपडे कुठे वाळत घालायचे ते सांगावं तसं. मंडळात कोणालाच गाडी चालवता येत नाही. शिकायचं वय गेलं. आणि रविवार तर मोडता येत नाही. ड्रायव्हर शोधून मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत, चित्रकला शिकवणारे मात्र एका पत्रावर येतात. पण दुसऱ्याने काढलेला चेहरा लागू पडत नाही, ज्याचा त्यानेच काढावा लागतो. आम्ही फक्त चुकीचा काढून ठेवतो, म्हणाल्या. तुम्हा लोकांना ते बघवत नाही.

काही वर्षांनी माणूस झिजतो, मग नवीन बघावा लागतो. हेही सांगितलं.

एवढ्यासाठी? चार मठ्ठ माणसांना रविवारी नदीवर जाता यावं, एवढ्यासाठी? निदान काही मोठं तरी कारण असायला हवं होतं. मी ओरडलो. त्या म्हणाल्या, कान राहिलाय, सर, सवडीने करा.

मी त्या कॅनव्हासला हात लावणार नाही. कान आहे तोपर्यंत मी आहे. साधा हिशोब आहे. उद्या निघतो.

शनिवार, २५ ऑक्टोबर

काल आणि आज, दोन्ही दिवस स्टँडवर.

तिकीटवाला माझ्यावरून नजर काढून मागच्या माणसाशी बोलतो. मी खिडकीत हात घातला, तेव्हा म्हणाला, ड्रायव्हर लोकांनी मागच्या दाराने यावं.

बसमध्ये चढलो. कंडक्टरने दंडाला धरून खाली उतरवलं, रागाने नव्हे, आपल्यातला समजून. तुझी गाडी तिकडे उभी आहे, म्हणाला. खरंच उभी होती. दुधी. रिकामी.

एका बाईने माझ्या हातात पिशव्या दिल्या आणि कधी सुटणार विचारलं. मी सांगितलं की मी चित्रकार आहे. निदान सांगायचं होतं. तोंड उघडलं—

ताईला फोन केला. हॅलो, हॅलो, कोण बोलतंय, म्हणत राहिली. मग ठेवला. माझी ताई.

पायी निघालो तर पाय गाडीकडे—

परत खोलीत. आता एकच उपाय. चेहरा बिघडवायचा. माझा आहे, मीच बिघडवणार.

रविवार, २६ ऑक्टोबर

सकाळ. सगळी खाली गाडीपाशी. हॉलला कुलूप नाही, मुद्दामच नसेल. असू दे. कॅनव्हास समोर आहे. पॅलेट ओलं करून ठेवलंय कोणीतरी. डायरी स्टुलावर.

तपकिरी रंग काढला. भरपूर. रुंद ब्रश. एक फटका, झालं.

जुने फराटे पुन्हा पाहिले. मंडळाने नाही मारलेले ते. हात घाबरलेला आहे पण सरावाचा— आधीच्या शिक्षकांनीच मारले. प्रत्येकाने. माझ्यासारखेच इथे उभे राहून. दोन-तीन खरवडले. खाली कान पुरे झालेले, सगळ्यांचे. म्हणजे आधी कान, मग फराटा. उशीर केला. मूर्ख. मी उशीर करणार नाही.

ब्रश हातात. आता—

कोणी काढलाय हा कान?

भुवईच्या वर आहे. कणकेचा गोळा दाबून लावावा तसा. आत काही नाही, वळण नाही, पोकळी नाही. मुद्दाम काढलाय. मला माहीत आहे की मुद्दाम काढलाय. तरी इतका वाईट कान मुद्दामसुद्धा कोणी—

मारतो फटका. पण फराट्याखाली हाच राहणार. कधीतरी कोणी नखाने खरवडणार. पुढचा कोणी. म्हणणार, चेहरा बरा काढलाय, कान मात्र याला येत—

नुसता जागेवर आणतो. जागेवर आणणं म्हणजे काढणं नव्हे.

आणला. थांबलो.

खिडकीखाली मुखदुर्बळ. किल्ली पुढे धरून वर बघतोय. आज मान हलवत नाही.

वरची घडी दिली, त्याशिवाय जागा कळत नव्हती. आता तपकिरी. काका खाली हाक मारताहेत, चला ड्रायव्हर— कोणाला, मला की—

तपकिरी. तपकिरी. रुंद ब्रश कुठे—

पाळी सपाट दिसतेय. अशी सपाट सोडून कोण जाईल. बारीक ब्रश. पाळीवर एवढा एक उजेडाचा ठिपका दिला की—